एक्कावन्न किलो

मी पाणी देणारा. कोपऱ्यात स्टूल सरकवणारा,
दातांचं रबर धुणारा,
फोटोत ज्याचं फक्त कोपर येतं, तो.
काबासो चिशिंबाची कारकीर्द मला विचाराल
तर मी बादलीपासून सुरू करीन.

मुफुलिराच्या खाणकामगारांच्या क्लबात
एकच पोतं टांगलेलं. आत लाकडाचा भुसा
आणि तळाशी, कुणी सांगितलं नव्हतं, दोन विटा.
एका संध्याकाळी पोराच्या मुठीला त्या सापडल्या.
रडला नाही. बोटं चोखत म्हणाला,
"आत कुणीतरी आहे."

मग विमानं.
सोफियात बर्फ. निवेदकानं त्याच्या नावाचे तुकडे केले
आणि भलत्याच क्रमानं जोडले,
त्यामुळे घंटा वाजली तेव्हा तो जरा उशिरानं उठला.
बर्लिनला पाच पंच, पाच बटणं.
ठोसा बसला हे आम्हाला ऐकू आलं,
शेवटच्या रांगेत लोकर विणणाऱ्या बाईला ऐकू आलं,
तिचा टाका सुटला.
बटणांना नाही आलं.
एका गुणानं हरलो. असे एका गुणानं किती वेळा हरलो
ते मी मोजलं नाही.
त्यानं मोजलंय. सात.

ताश्कंद. वजनाच्या आधीची रात्र.
दोनशे ग्रॅम जास्त.
हॉटेलच्या न्हाणीघरात गरम पाण्याचे नळ सोडून
प्लास्टिकचा कोट घालून तो दोरीवर उड्या मारत राहिला,
खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं छत बडवत होतं,
दोघांचा ताल मात्र जमला होता.
पहाटे माझ्या बादलीत थुंकत बसला,
थेंब थेंब, चिल्लर मोजावी तसा.
डोकं भादरलं. नखं काढली.
तरी चाळीस ग्रॅम.
मग आईनं घातलेलं तांब्याचं कडं
साबण लावून ओढून काढलं, माझ्या हातात चढवलं
आणि काट्यावर उभा राहिला, जन्मला होता तसा.
एक्कावन्न. बरोबर.
त्यानंतर तो जे पाणी प्याला
तसं पाणी मी पुन्हा कुणाला दिलं नाही.

उपांत्य फेरीत हरला.
हरणाऱ्या दोघांनाही कांस्य देतात
हे आम्हाला बसमध्ये बसल्यावर कळलं.
बूट सामानात गेलेले,
व्यासपीठावर तो चपला घालून चढला.

गावात बँड होता. म्हाताऱ्या कापेंब्वानं
पदक दातांखाली धरलं, जिभेनं चाखलं, म्हणाला,
"आम्ही गाड्या भरभरून तांबं पाठवलं बाहेर,
परत आलं ते एवढंसं.
त्यातही कथील घातलंय."
सगळे हसले. काबासोही.
मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.
माझं काम जखमेकडे पाहायचं, चेहऱ्याकडे नाही.

पुढं डाव्या डोळ्याचा पडदा सुटला.
डॉक्टरनं कागदावर शिक्का मारला, संपलं.
आता खाणीच्या फाटकावर, वजनकाट्याच्या खोलीत बसतो.
ट्रक प्लेटवर चढतो,
तो आकडा वाचतो, लिहितो, हात हलवतो.
परवा एका ड्रायव्हरला म्हणाला,
"खाली उतर भावा,
तूही वजनात धरला जातोयस."

कडं अजून माझ्या हातात आहे.
त्यानं मागितलं नाही, मी दिलं नाही,
आता मनगट इतकं जाड झालंय
की साबणाचाही उपयोग व्हायचा नाही.

रविवारी जेवायला येतो.
न्शिमा दुसऱ्यांदा वाढून घेतो, तिसऱ्यांदाही.
पोट सुटलंय, माझी बायको चिडवते, तो लाजतो.
मी पेला ठेवतो डाव्या हाताला,
ज्या बाजूचं त्याला काही दिसत नाही.
बोलता बोलता, मान न वळवता,
त्याचा हात बरोबर तिथं जातो.